ताऱ्यांचा हजेरीपट

जिनिंगच्या कामगारांचे आणि हमालांचे प्रश्न घेऊन तीस वर्षे हिंडलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत आकाशावर का बोलावे, असे कित्येकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. आमचा सारा जन्म हजेरीपट वाचण्यात गेला. यादीत नाव आहे पण माणूस नाही, किंवा माणूस आहे पण यादीत नाव नाही, हे दोन्ही प्रकार आम्ही इतक्या वेळा पाहिले की, कोणतीही यादी समोर आली म्हणजे तिच्यामागे काय आहे हे शोधण्याची आम्हांला खोडच लागली. पुढे मिळेल तसे पुस्तक आणून आकाशाविषयी वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ज्योतिर्विदांचाही असा एक हजेरीपट आहे आणि त्यातही हेच दोन प्रकार आहेत. इतकेच नव्हे, तर त्या हजेरीपटाची काही पाने आपल्या शेजारीच लिहिली गेली आहेत.

पांढरकवड्याहून दक्षिणेस निघालेला रस्ता पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबादेवरून थेट हैदराबादेस जातो. आपल्या बाजाराचा कापूस आणि आपली माणसे ह्या रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या गेली. त्या हैदराबादेत १९०१ साली नवाब जफर जंग ह्या हौशी सरदाराने एक वेधशाळा काढली. त्यांनी इंग्लंडातून ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण आणि छायाचित्रे घेण्यासाठी कुक कंपनीची आठ इंची दुर्बीण आणवली. ते १९०७ साली वारले, आणि १९०८ साली निझाम सरकारने वेधशाळा आपल्याकडे घेतली. तिचे नाव निझामिया. आपले वऱ्हाड त्या वेळी नावाला निझामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे होते.

त्या वेधशाळेच्या वाट्याला आले ते काम जगातल्या अनेक देशांनी मिळून काढलेले होते. दक्षिण आफ्रिकेत केप येथे डेव्हिड गिल यांनी १८८२ सालच्या मोठ्या धूमकेतूचे छायाचित्र घेतले. धूमकेतू तर काचेवर आलाच, पण त्याच्या मागचे असंख्य तारेही न बोलावता उमटले. तोवर तारे मोजायचे म्हणजे एकेक तारा डोळ्याने पाहून त्याची जागा लिहावयाची. आता काचेवर शेकडो तारे एका वेळी मिळू लागले. तिकडे पॅरिसमध्ये पॉल आणि प्रॉस्पर आन्री ह्या दोघा भावांनी ह्याच कामासाठी खास दुर्बीण तयार केली होती. मग पॅरिस वेधशाळेचे प्रमुख ॲडमिरल मूशे यांच्या पुढाकाराने १८८७ सालच्या एप्रिलात परिषद भरली, आणि साऱ्या आकाशाचे छायाचित्र घ्यावयाचे असा ठराव झाला. आकाशाचे आडवे पट्टे पाडून ते अठरा वेधशाळांत वाटून दिले. शेत वाटेकऱ्यांना दिल्यासारखेच हे झाले.

कामाचे भाग दोन होते, आणि पुढचा सगळा घोळ ह्या दोन भागांतून निघाला. पहिला भाग तारकासूचीचा. काही मिनिटे उघडी ठेवलेली काच घ्यावयाची, तिच्यावरचा अकराव्या प्रतीपर्यंतचा प्रत्येक तारा सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचा, आणि आकडे छापावयाचे. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपलीकडे दिसत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ही यादी केवढी होणार ह्याची कल्पना येईल. दुसरा भाग नकाशाचा. अधिक वेळ उघड्या ठेवलेल्या काचांवर चौदाव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे आणखी सोळापट मंद तारे घ्यावयाचे. ते मोजावयाचे नाहीत, तर त्या काचांवरून ताम्रपटावर चित्र उतरवून त्याचे कागदी ठसे जगभर वाटावयाचे. नकाशाच्या काचेवर कित्येक ठिकाणी एकाच ताऱ्याची तीन छायाचित्रे किंचित सरकवून घेत, म्हणजे प्रत्येक तारा तीन ठिपक्यांच्या चिमुकल्या त्रिकोणासारखा दिसे. हेतू असा की, एकटा ठिपका दिसला तर ती धूळ किंवा काचेवरचा डाग समजावा आणि तीन दिसले तर तारा समजावा. एका साक्षीदारापेक्षा तीन साक्षीदार बरे, त्यातलाच हा प्रकार.

यादी पुरी झाली. नकाशा मात्र पुरा झाला नाही.

ताम्रपट कोरून ठसे काढणे अतिशय खर्चाचे ठरले. काही वेधशाळांनी आपल्या पट्ट्याचे नकाशे छापले, काहींनी अर्धे छापले, काहींनी सोडूनच दिले. मध्ये दोन महायुद्धे झाली. अखेर १९७० साली आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघाने हे काम संपल्याचे जाहीर केले, ते अर्धवट नकाशासह. यादीचे छापील खंड २५४ झाले आणि त्यांत सुमारे ४६ लाख ताऱ्यांची नोंद आली. ज्यांची नोंद आहे पण छापील चित्र नाही, असे आकाशाचे पट्टेच्या पट्टे राहून गेले.

हैदराबादेच्या वाट्याला दक्षिण क्रांती १७ अंश ते २३ अंश असा पट्टा आला. क्रांती म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस असलेले अंतर. हा पट्टा मुळात चिली देशातील सांतियागोच्या वेधशाळेकडे होता. तिच्याकडून काम झाले नाही, म्हणून तो इकडे आला. चॅटवुड हे पहिले सरकारी संचालक. त्यांच्या मागून १९१४ साली पोकॉक आले आणि काचा घेण्यास सुरुवात झाली. पोकॉक १९१८ साली वारले. तेव्हा कारभार टी. पी. भास्करन यांच्याकडे आला, आणि ह्या भारतीय संचालकाने तो १९४४ पर्यंत सांभाळला. १९१९ साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली गेली. पट्ट्यात सात ओळी, दर ओळीस १८० काचा, म्हणजे १,२६० काचा. हे काम १९२९ पर्यंत चालले आणि २ लाख ९३ हजारांच्या आसपास तारे नोंदले गेले. एवढ्यावर थांबले नाही. जर्मनीतील पोट्सडामच्या वेधशाळेचे काम रखडले होते. तिच्या पट्ट्यातला उत्तर क्रांती ३६ ते ३९ अंशांचा तुकडाही हैदराबादेने घेतला, आणि १९२८ ते १९३८ ह्या काळात ५९२ काचांवरून आणखी सुमारे दीड लाख तारे नोंदून दिले. युरोपातल्या श्रीमंत वेधशाळेचे राहिलेले काम इतरांहून लहान दुर्बिणीने हैदराबादेत पुरे झाले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरांना कोणी सांगत नाही. जर्मनीने आमचे काम पुरे केले असते तर मात्र तो धडा खात्रीने पाठ्यपुस्तकात आला असता! पुढे ह्याच वेधशाळेच्या संचालकपदी कृ. दा. अभ्यंकर हे मराठी गृहस्थ आले, आणि १९६८ साली शहराबाहेर रंगापूर येथे ४८ इंची दुर्बीण उभी राहिली. पण तो निराळा विषय आहे.

आता ह्या नोंदीत नेमके काय लिहिले आहे ते पाहू, कारण मुद्दा तेथेच आहे. आपली समजूत अशी की, यादीत ताऱ्याची आकाशातली जागा लिहिलेली असणार. तशी ती नव्हती. काचेवर आधी पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची जाळी उमटवून घेत. मग तारा कोणत्या चौकटीत, मध्यापासून आडवा किती आणि उभा किती, एवढे मोजून तेच आकडे छापत. म्हणजे नोंद आकाशाची नसून काचेची होती. अमुक नंबरच्या काचेवर अमुक इतके मिलिमीटर, एवढेच तिचे म्हणणे. जुन्या दस्तात ‘कडुनिंबापासून चौथे धुरे’ असे लिहिलेले असते. पुढे कडुनिंब तुटतो आणि भाऊबंद कोर्टात जातात, तसेच हे. काचेवरून आकाशाकडे जाण्यासाठी दर काचेचे वेगळे गणित करावे लागे, आणि ते ४६ लाख ताऱ्यांसाठी करण्याची कोणाची छाती नव्हती. ह्यामुळे हे २५४ खंड कित्येक वर्षे कपाटांत तसेच पडून राहिले. ‘वाया गेलेला शतकाचा खटाटोप’ अशा अर्थाचे ताशेरे पुष्कळांनी मारले.

त्यांचे दैव उघडले ते अगदी अलीकडे. युरोपने १९८९ साली हिप्पार्कस नावाचा उपग्रह सोडला. त्याने १९९३ पर्यंत ताऱ्यांच्या जागा अत्यंत सूक्ष्मपणे मोजल्या. परंतु तारा कोठे आहे हे एकदा कळले म्हणून तो कोणीकडे चालला आहे हे कळत नाही. त्यासाठी जुनी जागा हवी, आणि ती जितकी जुनी तितकी चांगली. तेव्हा अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने ते जुने खंड बाहेर काढले, सगळे आकडे यंत्रात भरले, हिप्पार्कसच्या ताऱ्यांच्या आधाराने प्रत्येक काचेचे गणित नव्याने मांडले आणि १९९७ साली सगळी सूची शुद्ध रूपात काढली. तिच्यावरून २००० साली पंचवीस लाख ताऱ्यांच्या गतींची टायको-२ नावाची सूची तयार झाली. बेगमपेठेच्या माळावर १९१४ साली घेतलेल्या काचांचे आकडे असे जवळजवळ पाऊणशे-ऐंशी वर्षांनी कामास आले. ज्यांनी ते मोजले त्यांतला बहुधा कोणीही तेव्हा हयात नसावा.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग काय बिघडले? कडुनिंब नसतानाही धुरा सापडला ना? सापडला खरा. परंतु ज्याची नोंद झाली त्याचाच सापडला. काचेवर जे उमटले होते पण मोजणाऱ्याने अकराव्या प्रतीखालचे म्हणून सोडले, किंवा डाग समजून टाकले, ते यादीत नाही. ते पाहावयाचे तर काचच हवी. यादी म्हणजे कोणीतरी एकदा केलेले वाचन, आणि काच म्हणजे मूळ कागद. वाचनात चूक आहे असे म्हणावयाचे झाल्यास मूळ कागद पुढे ठेवावा लागतो. बाप दाखव नाही तर श्राद्ध कर, ही म्हण ज्योतिर्विदांनाही लागू आहे.

ह्याचे सर्वांत नामी उदाहरण छायाचित्राच्याही आधीचे आहे. पॅरिसचे लालांद यांनी १८०१ साली ४७,३९० ताऱ्यांची सूची छापली. वेध बहुतेक त्यांच्या पुतण्याने घेतलेले. १८४६ साली नेपच्यून ग्रह सापडला, आणि त्याची कक्षा मागे मागे मोजत गेल्यावर वॉशिंग्टनचे वॉकर यांच्या ध्यानात आले की १७९५ सालच्या मे महिन्यात तो लालांदच्या वेधाच्या टापूत असावा. छापील सूचीत पाहिले तर तेथे एका ताऱ्याची नोंद होती, शंकेची खूण केलेली, आणि आता आकाशात त्या जागी तारा नव्हता. म्हणून पॅरिसमध्ये मूळ हस्तलिखित वही काढून पाहिली. वहीत वेध दोन होते, ८ मेचा आणि १० मेचा. दोन्हींतली जागा जुळेना, म्हणून छापताना पहिला गाळला आणि दुसऱ्यावर शंकेची खूण केली. जागा जुळत नव्हती, कारण तो तारा नव्हताच. तो ग्रह होता आणि दोन दिवसांत तेवढा सरकला होता! छापील यादी नीटनेटकी करण्याच्या भरात पन्नास वर्षे आधी लागलेला शोध गाळला गेला. वही जपून ठेवली होती म्हणून निदान ही गोष्ट तरी कळली.

प्लूटोचे असेच. १९३० साली टॉम्बॉ यांनी तो शोधला, आणि मग जुन्या काचा तपासल्या तेव्हा त्याच वेधशाळेत १९१५ साली घेतलेल्या काचांवर तो अंधुक उमटलेला निघाला. ज्यांनी ती वेधशाळा उभारली आणि त्याचा शोध आरंभला ते पर्सिव्हल लोवेल १९१६ साली वारले होते. काचेवर हजेरी लागली होती, पण यादीत नाव चढले नव्हते. पुढे २००६ साली त्याचे नाव ग्रहांच्या यादीतून कमी केले, तो भाग वेगळा. पटावरून नाव कमी केल्याने कोणी फिरावयाचा थांबत नाही.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एका कारखान्यातल्या हंगामी बायांच्या भविष्य-निर्वाह निधीचा तंटा आम्ही चालवला. मालकाकडून आला तो छापील गोषवारा. त्यात दिवस कमी. मूळ मस्टर मागितले, तर ते पावसात भिजून गेले असे उत्तर मिळाले. काही बायांनी मुकादमाने दर आठवड्यास दिलेल्या चिठ्ठ्या डब्यात तांदळाखाली जपून ठेवल्या होत्या. त्यांचे दिवस भरून निघाले. ज्यांच्या चिठ्ठ्या चुलीत गेल्या, त्यांना गोषवाऱ्यातले दिवस मान्य करावे लागले. त्याही तितक्याच राबल्या होत्या. गोषवारा मुद्दाम खोटा केला होता असेही आम्ही म्हणत नाही. कोणा कारकुनाने अस्पष्ट दिसलेला दिवस सोडून दिला असेल. लालांदच्या पुतण्याने तरी दुसरे काय केले?

आता आपल्याकडच्या एका जुन्या यादीकडे वळू. तिच्यामागे चित्र नव्हते आणि त्याची किंमत महाराष्ट्राने चांगलीच मोजली. आपल्या सिद्धान्तग्रंथांत सत्तावीस नक्षत्रांच्या योगताऱ्यांची, म्हणजे दर नक्षत्रातल्या मुख्य ताऱ्यांची, यादी आहे. प्रत्येकाचा ध्रुवक आणि शर आकड्यांत दिला आहे. ताऱ्याचे चित्र नाही. नेमका कोणता तारा अभिप्रेत आहे, हे ओळखण्याचा मोठा खटाटोप शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ह्या १८९६ सालच्या ग्रंथात केला आहे. घरी बसून शिकणाऱ्याने हा ग्रंथ एकदा तरी वाचावा; मराठीत इतक्या सचोटीचे पुस्तक विरळा. सूर्यसिद्धान्तात रेवतीचा ध्रुवक ३५९ अंश ५० कला, म्हणजे जवळजवळ शून्य, आणि चित्रेचा १८० अंश. कागदावर दोघी समोरासमोर. पण आकाशात चित्रेचा ठळक तारा आणि रेवतीचा म्हणून जो मंद तारा पुष्कळांनी धरला तो, ह्या दोहोंत १८० नव्हे, सुमारे १८४ अंशांचे अंतर आहे. म्हणजे एकाच यादीतल्या दोन नोंदी आकाशाशी एकाच वेळी जुळत नाहीत. रेवती खरी मानावी तर चित्रा चुकते. चित्रा खरी मानावी तर रेवतीच्या जागी तारा सापडत नाही.

ह्या चार अंशांवर महाराष्ट्रात दोन पक्ष उभे राहिले. लोकमान्य टिळकांचा कल रेवतीकडे. वेंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे. दोन्हीकडे विद्वान, दोन्हीकडे आधार. परिणाम असा की टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि इतरांची चार दिवसांनी; आणि अधिक मासाचा फरक पडला म्हणजे सणसुद्धा निरनिराळ्या महिन्यांत जातात. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली. तीत आपल्या नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी होते आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हेही होते. समितीने १९५५ साली अहवाल दिला आणि चित्रेच्या बाजूचे गणित मान्य केले. वाद तरीही सर्वस्वी मिटला असे नाही. आम्ही कोणत्याच पक्षाचे नाही. आम्हांला दिसते ते इतकेच की, ज्याने ती यादी पहिल्यांदा केली त्याने ताऱ्याकडे बोट दाखवून ‘हा तो’ असे सांगितले असणार. बोट गेले आणि आकडा मागे राहिला.

बोटांचा विषय निघाला म्हणून मोजणाऱ्यांविषयी बोलतो. ४६ लाख तारे कोणी मोजले? दुर्बिणीशी बसणारे थोडे, आणि सूक्ष्मदर्शकाशी बसणारे पुष्कळ. एकाने पाहून आकडा बोलावयाचा आणि दुसऱ्याने लिहावयाचा, हे दिवसभर आणि वर्षानुवर्षे. पॅरिसमध्ये ह्या कामासाठी बायकांची कचेरी होती. १८९२ पासून तिच्या प्रमुख डोरोथिया क्लुम्पके होत्या. पुरुषांपेक्षा बायका कमी पगारात मिळत, हे त्यामागचे मोठे कारण. येथल्या जिनांतही हाच हिशेब चालतो, म्हणून आम्हांला त्याचे नवल वाटले नाही. रोममध्ये व्हॅटिकनच्या वेधशाळेचे काम चार जोगिणींनी केले. १९१० ते १९२१ ह्या काळात त्यांनी ४,८१,२१५ ताऱ्यांची मोजणी केली. सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या ह्या जोगिणींचे छायाचित्र पुष्कळ वर्षे पुस्तकांतून छापले जात होते, पण खाली नावे नसत. येथे प्रकार उलटा होता; चित्र होते आणि नोंद नव्हती. २०१६ साली तेथल्या एका वृद्ध धर्मगुरूला जुने कागद लावताना नावे सापडली: एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोम्बो, कोन्चेत्ता फिनार्दी आणि लुइजा पान्चेरी. लाखो ताऱ्यांच्या जागा लिहून ठेवणाऱ्या संस्थेला आपल्या चार माणसांची नावे शोधावयास पंच्याण्णव वर्षे लागली! छापील खंडावर संचालकाचे नाव असते. मोजणाऱ्याचे नाव ही खर्चाची बाब समजली जाते.

खर्चाची बाब काचांनाही सोडत नाही. अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेजवळ पाच लाखांहून अधिक काचा आहेत. जगात एवढा साठा दुसरा नाही. तेथे १९५३ च्या सुमारास मेन्झेल नावाच्या संचालकांनी काटकसरीसाठी काचा घेणे बंद केले, ते सुमारे पंधरा वर्षे. त्या काळात एखादा तारा भडकला असेल तर हार्वर्डच्या काचांत त्याचा पुरावा नाही, आणि तो कोणत्याही पैशाने आता आणता येणार नाही. ज्योतिर्विद त्या खिंडाराला मेन्झेल यांचेच नाव देतात. पुढे जानेवारी २०१६ मध्ये पाण्याचा नळ फुटून तळघरातल्या हजारो काचा भिजल्या. त्या मात्र मेहनतीने वाचवल्या. पुस्तकाच्या हजार प्रती निघतात, काच एकच असते. म्हणून आता ठिकठिकाणी काचांच्या यंत्रावर प्रती काढण्याचे काम चालते. उशिरा सुचले, पण सुचले हे बरे.

हा प्रश्न काचेबरोबर संपला असेही नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ-दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तिने २०१० ते २०१२ ह्या काळात आपल्याला दिसणाऱ्या जवळजवळ साऱ्या आकाशाचे रेडिओ-सर्वेक्षण केले. रेडिओ-दुर्बीण आपण होऊन चित्र देत नाही. ती आकड्यांचा प्रचंड ढीग देते, आणि त्यातून गणिताने चित्र काढावे लागते. वातावरणाच्या वरच्या थरातली खळबळ, आसपासच्या विजेच्या तारांचा गोंगाट, हे सगळे निवडून टाकावयाचे. पुण्याच्या मंडळींनी काही भागाची चित्रे काढून जाहीर केली. साऱ्याची लवकर होईनात. परंतु मूळ आकड्यांचा ढीग त्यांनी जपून ठेवला होता आणि तो इतरांनाही खुला होता. त्यावरून इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा पहिल्यापासून गणित केले, आणि २०१६ साली ५,३३६ चित्रे आणि ६ लाख २० हजारांवर रेडिओ-स्रोतांची यादी, दोन्ही बरोबरच सर्वांसमोर ठेवली. यादीत घेण्यासाठी त्यांनी नियम केला की, आसपासच्या गोंगाटाच्या सातपट जो ठळक असेल तोच घ्यावयाचा. म्हणजे पाचपट ठळक असलेला यादीत नाही, पण चित्रात आहे. ज्याला शंका असेल त्याने चित्र उघडून पाहावे. मालकाने गोषवाऱ्याबरोबर मस्टरही टेबलावर ठेवले तर आमचे निम्मे तंटे त्याच दिवशी मिटतील, तशी ही गोष्ट आहे.

ह्या दिवसांत हैदराबादेचा पट्टा पाहणे सोपे आहे, हे सांगून रजा घेतो. मे महिन्याच्या आरंभी रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू ह्यांच्या मध्याहून थोडे वर चार ताऱ्यांचा तिरपा चौकोन दिसेल. तेच आपले हस्त नक्षत्र. चौकोनाची वरची बाजू सतरा अंशांच्या आसपास आहे आणि खालची तेवीस अंशांच्या. म्हणजे हस्ताची उंची तीच निझामियाच्या पट्ट्याची रुंदी. तेथून पूर्वेकडे ती रुंदी तशीच धरून नजर नेली म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास अनुराधेचे वरचे दोन तारे त्यातच वर आलेले दिसतील. त्यांतला मधला तारा २००० सालच्या उन्हाळ्यात एकाएकी तेजस्वी होऊ लागला. अर्जेंटिनातील ओतेरो नावाच्या हौशी निरीक्षकाने नुसत्या डोळ्यांनी ते ओळखले. जुन्या सूच्यांत त्याची प्रत सव्वादोनच्या आसपास लिहिलेली आहे. आज ती किती आहे, ते शेजारच्या ताऱ्याशी ताडून आपले आपण पाहावे.